१६० पानांची चित्रकथा आणि आठवड्याचे सहा तास

प्रश्न: मी नाशिकला एका कारखान्यात अकाउंट्समध्ये काम करतो. वय ३२, मुलगी तीन वर्षांची. भांडी बाजारातल्या एका तांबट घराण्याच्या तीन पिढ्यांवर मराठी कॉमिक करतोय. १६० पानी, रंगीत. लिहितो मीच, काढतोही मीच. चौदा महिन्यांत ११ पानं झाली. मध्येच दुसरी एखादी कल्पना सुचते आणि ही कथा फिकी वाटायला लागते. ₹४५,००० बाजूला टाकलेत. त्यातून चांगला टॅब घ्यावा असं वाटतं. पण एका प्रेसने ए-४ आकाराच्या ६४ रंगीत पानांच्या १,००० प्रतींचे ₹९२,००० सांगितले, तर वाटतं थोडं कर्ज काढून पहिला भाग छापूनच टाकावा. एक मित्र नफ्यातल्या वाट्यावर रंग भरून द्यायला तयार आहे. बायको म्हणते आधी नोकरी सांभाळ. मूड लागेपर्यंत थांबू, की वर्षभर बिनपगारी रजा घेऊ?

उत्तर: नमस्कार. तुम्ही हिशेबातले आहात, म्हणून आधी हिशेबच करू. चौदा महिन्यांत ११ पानं, या वेगाने १६० पानांना २०३ महिने लागतील, म्हणजे जवळजवळ १७ वर्षं. वर्षभर रजा घेऊन हे गणित सुटणार नाही, कारण अडचण वेगाची कमी आणि पुस्तकाच्या जाडीची जास्त आहे. रजा नको, कर्ज नको, टॅबही आत्ता नको. १६० पानांचा आराखडा जपून ठेवा आणि त्यातली एकच घटना उचलून २० पानांचं, काळं-पांढरं, ए-५ आकाराचं पुस्तक करा. तीन पिढ्या तूर्त बाजूला राहू द्या. एका हंड्याच्या मठारकामाचा, म्हणजे हातोडीने ठोके मारण्याच्या कामाचा, एक दिवस घ्या, बाप आणि मुलगा समोरासमोर बसलेत, एवढं २० पानांना पुरतं.

२० का, तर पाच ए-४ कागद मध्ये दुमडले की ए-५ ची २० पानं होतात आणि वरून एक जाड कागद दुमडला की चार पानांचं मुखपृष्ठ. एकूण २४, मध्ये दोन पिना. पिन बाइंडिंगमध्ये पानांची संख्या चारच्या पटीतच लागते. २२ पानांची कथा घेऊन प्रेसमध्ये गेलात तर दोन पानं कोरी जातील किंवा ऐनवेळी जाहिरातीसारखं काहीतरी भरावं लागेल.

आता तास. तुम्ही रोज रात्री दीड-दोन तास बसायचं ठरवलं असणार. तीन वर्षांचं मूल असलेल्या घरात आठवड्यातल्या तीन रात्री मिळतात, त्याही तासाभराच्या, आणि रविवारी सकाळी तीन तास. म्हणजे सहा. सहावरच आराखडा बांधा, जास्त मिळाले तर बोनस समजा. काळ्या-पांढऱ्या एका पानाला सर्वसाधारण हाताला लागणारा वेळ असा धरा: छोटा खाका अर्धा तास, अक्षरं आणि संवादाचे फुगे बसवायला पाऊण तास, पेन्सिल दोन तास, शाई दोन तास, काळे भाग भरणं आणि रबर मारणं अर्धा तास, स्कॅन, सफाई आणि करडा रंग एक तास. झाले पावणेसात. २० पानांचे १३५, मुखपृष्ठाचे १०, फाइल आणि प्रुफाचे १०. एकूण १५५ तास, म्हणजे २६ आठवडे. दिवाळी, मुलीचा ताप आणि तुमचं मार्चअखेर यांचे चार आठवडे वर टाका. सात महिन्यांत पुस्तक हातात. रंग भरायचे म्हटले तर पानामागे किमान अडीच तास वाढतात, एकूण ५० तास, म्हणजे आणखी दोन महिने. शिवाय छपाईचा खर्च बराच चढतो. तांब्याचा रंग दाखवायचा मोह समजतो, तो मुखपृष्ठावर दाखवा.

मूडबद्दल. दुसरी कल्पना नेमकी केव्हा येते ते जरा तपासा. बहुतेक वेळा ती शाईच्या टप्प्यावर येते. तोपर्यंत कथेतलं सगळं ठरवून झालेलं असतं, नवं काही उरलेलं नसतं, फक्त हात चालवायचा असतो. नवी कल्पना अजून काढलेली नसते म्हणून ती सुंदर दिसते. तिला बंदी घालू नका, एक वेगळी वही करा. सुचलं की त्यात अर्धं पान लिहायचं, तारीख टाकायची आणि वही मिटायची. चित्र मात्र काढायचं नाही. एकदा स्केच झालं की दुसरं पुस्तक सुरू झालंच म्हणून समजा.

दुसरं म्हणजे कामं शिणाप्रमाणे वाटून घ्या. रविवारी सकाळी डोकं ताजं असतं, तेव्हा खाके, चेहरे आणि हात काढायचे. कामावरून दमून आलेल्या रात्री चौकटी आखायच्या, काळं भरायचं, रबर मारायचं, स्कॅन करायचं. या कामांना प्रेरणा लागत नाही आणि एकूण वेळातला चौथा हिस्सा तरी यातच जातो. रात्री दहा वाजता कोऱ्या कागदासमोर बसून चेहरा काढायला गेलात की तो बिघडतो, आणि मग आपण म्हणतो मूड नव्हता.

सुरुवात करण्यापूर्वी एक रविवार चाचणीला द्या. ‘वर्ल्ड कॉमिक्स इंडिया’ ही संस्था गावोगावच्या, कधी चित्र न काढलेल्या लोकांकडून भित्तिचित्रकथा करून घेते. दोन ए-४ कागद जोडून ए-३ करायचा, त्यावर चार चौकटी आणि झेरॉक्स. तुमची घटना या चार चौकटींत सांगून बघा: सुरुवात, अडचण, वळण, शेवट. चारात बसली नाही तर २० पानांतही ती सांडणार. बसली, तर प्रत्येक चौकटीची साधारण पाच पानं होतात आणि तुमचा आराखडा तयार.

मग कामाचा क्रम. पाच कोरे कागद दुमडून पिन मारा, पानांवर १ ते २० आकडे घाला. ही डमी. पहिलं पान उजवीकडे येतं, मग २-३ समोरासमोर, ४-५ समोरासमोर. धक्का द्यायचा असेल ती चौकट डाव्या पानावर, म्हणजे सम आकड्यावर टाका. पान उलटल्याशिवाय ती दिसत नाही. उजव्या पानावर टाकली तर वाचकाचा डोळा आधीच तिथे जाऊन बसतो. दोन पानांवर पसरलेलं मोठं चित्र हवं असेल तर ते १०-११ वर, कारण मधोमध तेवढाच कागद अखंड असतो. बाकी ठिकाणी दोन वेगळे कागद शेजारी येतात आणि कापणीत मिलिमीटर-दीड मिलिमीटर सरकतात. तिथे मधोमध माणसाचं तोंड असेल तर नाक तिरकं होतं.

सगळी २० पानं आधी खाक्यात काढा, अंगठ्याएवढ्या चित्रांत. मग संवाद बसवा. पेन्सिल त्याच्या नंतर. बहुतेक जण उलटं करतात, चित्र पूर्ण करून उरलेल्या जागेत फुगे कोंबतात, आणि मराठीत हे इंग्रजीपेक्षा जास्त महागात पडतं. इंग्रजी कॉमिकमधली अक्षरं बहुतेक सगळी कॅपिटल असतात, त्यांना वर-खाली काही लटकत नाही. आपल्याला वर मात्रा, वेलांटी, रफार, खाली उकार. ओळींमध्ये जागा जास्त सोडावी लागते. छापील ए-५ पानावर साडेनऊ पॉइंटचा टाइप आणि १३ पॉइंटचं ओळीमधलं अंतर धरा. फुग्यात चार ओळींच्या वर जाऊ नका, एका ओळीत दोन ते चार शब्द, पूर्ण पानावर ७०-८० शब्द. शब्द तोडून पुढच्या ओळीवर नेऊ नका. फुग्याची कड आणि वरच्या मात्रा यांत दोन मिलिमीटर, खाली उकारापासून दीड मिलिमीटर मोकळं ठेवा, नाहीतर शिरोरेघ आणि कड एकमेकांत मिसळतात.

जोर द्यायला ठळक टाइप वापरायचा मोह टाळा. लहान आकारात ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’ यांची पोटं काळ्याने भरून जातात. त्यापेक्षा तो शब्द एक-दोन पॉइंटने मोठा करा. तिरका टाइप तर देवनागरीत मुळीच शोभत नाही. मनातलं बोलणं किंवा रेडिओचा आवाज फुग्याच्या आकाराने दाखवा. आणि हातोडीचे ठोके टाइपात टाकू नका. ‘ठण्ण’ हाताने काढा, चित्राचा भाग म्हणून. शिरोरेघ वाकवता येते, तोडता येते, ठोक्याबरोबर हादरवता येते. देवनागरीला मिळालेली ही सोय आपण फारशी वापरत नाही.

फॉन्टसाठी पैसे लागणार नाहीत. ‘कलम’ हा हस्ताक्षरासारखा फॉन्ट आणि मुंबईच्या ‘एक टाइप’चा ‘बलू’ दोन्ही मुक्त परवान्याचे आहेत, विक्रीच्या पुस्तकात चालतात. सॉफ्टवेअरमध्ये मात्र आधी ही ओळ टाइप करून बघा: कुऱ्हाड, हृदय, श्रद्धा, उत्स्फूर्त, ट्रॅक्टर, ऑफिस, किर्र. जोडाक्षर सुटं पडलं किंवा ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला गेली, तर तो प्रोग्रॅम भारतीय लिपी हाताळत नाही. फोटोशॉपच्या जुन्या आवृत्त्यांत त्यासाठी दक्षिण आशियाई भाषांचा पर्याय मुद्दाम चालू करावा लागतो. इंकस्केप आणि स्क्रायबसची नवी आवृत्ती हे फुकट आहेत आणि मराठी नीट बसवतात. चित्राचं काम क्रिटामध्ये आणि अक्षरांचं इंकस्केप-स्क्रायबसमध्ये, अशी विभागणी सोयीची पडते. प्रेसला फाइल देताना सगळी अक्षरं आउटलाइनमध्ये, म्हणजे फॉन्ट न लागणाऱ्या आकारांत, बदलून द्या. तिथल्या मशीनवर तुमचा फॉन्ट नसेल तर तो आपोआप दुसरा घेतो आणि ‘तांबट’चं काय होईल सांगता येत नाही. न बदललेली मूळ फाइल वेगळी ठेवा, शुद्धलेखनाची चूक सापडली की तीच लागते.

अक्षरं बसवलेले खाके डमीत चिकटवून कथा माहीत नसलेल्या एखाद्याला वाचायला द्या. ‘आवडलं का’ विचारू नका, आवडलंच म्हणतात. ‘काय झालं ते सांग’ म्हणा. जिथे तो अडखळेल ती चौकट दुरुस्त करा. या टप्प्यावर पान बदलायला अर्धा तास लागतो, शाईनंतर पावणेसात.

चित्र ए-४ वर काढा, छापताना ते ७१ टक्क्यांवर येतं. ०.३ ची रेघ छापील पानावर ०.२ ची होते, हे डोक्यात ठेवून बारीक रेघांचं जाळं विरळ ठेवा. तांब्याच्या भांड्यावरचे ठोके दाखवताना ही चूक हमखास होते. मूळ कागदावर झकास दिसणारं टिंबांचं काम लहान झाल्यावर नुसता करडा डाग होतो. भांड्यावर उजेड पडतो तिथे आठ-दहाच ठोके स्पष्ट काढा, सावलीचा भाग सरळ काळा भरा, बाकीचं वाचकाचा डोळा भरून घेतो. अक्षरं ए-४ वरच बसवत असाल तर साडेतेरा पॉइंटची घ्या, म्हणजे छपाईत साडेनऊची होतात.

पेन्सिल निळी वापरा. ६०० डीपीआयला रंगीत स्कॅन केलं आणि लाल, हिरवा, निळा यांपैकी फक्त निळं चॅनल ठेवलं की पेन्सिल जवळपास नाहीशी होते, काळी शाई राहते. रबर मारायचा अर्धा वेळ वाचतो. शाईची पानं चार-चारच्या लॉटमध्ये करा: चार पानांची पेन्सिल, चारांची शाई, चारांचं स्कॅन. एकेक पान पूर्ण करत गेलात तर सामान मांडण्या-आवरण्यातच रात्र जाते. सगळ्या वीसांची पेन्सिल आधी केली तर शाईचे ४० तास सलग समोर उभे राहतात आणि तिथेच ती दुसरी कल्पना वाट बघत बसलेली असते. पहिल्या पानाची शाई सर्वांत शेवटी. हात सात-आठ पानांनंतर बसतो, आणि पुस्तक हातात घेणारा माणूस पहिलंच पान बघतो. सुरुवात पान ७ पासून करा. झालेल्या ११ पानांतून काही वापरता येईल का, असा प्रश्न पडेल. आकार आणि चौकटींची मांडणी वेगळी असेल तर नका वापरू. ती संदर्भ म्हणून भिंतीवर लावा.

करडा रंग भरणार असाल तर चारच छटा ठरवा, १५, ३०, ५० आणि ७० टक्के. डिजिटल मशीनवर १० टक्क्यांखालचा करडा उडतो आणि ८० च्या वरचा काळा दिसतो. ठिपक्यांचे तयार पॅटर्न वापरले तर नंतर आकार लहान-मोठा करू नका, त्यात नको असलेल्या लाटा उमटतात.

टॅबचा प्रश्न इथेच संपतो. सफाई आणि करड्यासाठी काही हजारांतला, स्क्रीन नसलेला पेन टॅब्लेट पुरेल, तोही ओळखीत कुणाकडे पडून असेल तर आणा. ₹४०,००० चा टॅब घेतला की पुढचे दोन महिने ब्रश डाउनलोड करण्यात जातात. (आणि तो मुलीलाही आवडतो.)

आता छपाई. ₹९२,००० ला १,००० म्हणजे प्रतीला ₹९२, स्वस्त वाटतं. पण ए-४ आकाराचं ६४ पानी पुस्तक १३० जीएसएम (चौरस मीटरला १३० ग्रॅम) आर्ट पेपरवर जवळपास ३०० ग्रॅम भरतं. हजार प्रती म्हणजे तीन क्विंटल कागद तुमच्या घरात, पावसाळ्यात, पलंगाखाली. आर्ट पेपरला ओल लागली की पानं एकमेकांना चिकटतात, कसर लागते ती वेगळीच. ऑफसेटमध्ये प्लेट बनवणं आणि मशीन लावणं याचा खर्च १०० प्रतींनाही तोच आणि १,००० प्रतींनाही तोच, म्हणून प्रेसवाला हजार सांगतो. त्याच्या जागी तो बरोबर आहे. पण साधारण ३०० ते ५०० प्रतींच्या खाली डिजिटल छपाईच परवडते, आणि तुम्हाला १०० हव्यात.

प्रेसला सांगायचं ते असं: बंद आकार ए-५, आत २० पानं एकरंगी, १०० जीएसएम मॅपलिथो (साधा, चकाकी नसलेला पांढरा कागद). मुखपृष्ठ चार पानं रंगीत, २५० जीएसएम आर्ट कार्ड, मॅट लॅमिनेशन, क्रीझिंग करून, दोन पिना, तीन बाजूंनी कटिंग. यातलं क्रीझिंग, म्हणजे दुमडण्याआधी घडीची खाच पाडणं, विसरू नका. जाड कार्ड तसंच दुमडलं तर कण्यावर पांढरी भेग पडते. डिजिटल छपाईचा टोनर कागदाच्या वर बसतो, आत मुरत नाही, म्हणून काळ्या मुखपृष्ठावर ती फार दिसते. कण्याची पट्टी फिक्या रंगाची ठेवली तर धोका कमी. कागदाचा दाणा, म्हणजे त्यातल्या तंतूंची दिशा, कण्याला समांतर हवा, नाहीतर पुस्तक उघडताना आखडतं आणि सोडलं की आपोआप मिटतं. आतला कागद ८० जीएसएमच्या खाली नको, काळे भाग पाठीमागून दिसतात.

फाइलमध्ये प्रत्येक बाजूला ३ मिलिमीटर ब्लीड, म्हणजे कापणीच्या रेषेबाहेर वाढवलेलं चित्र, कापणीच्या रेषेच्या आत ५ मिलिमीटरपर्यंत अक्षर नको. अक्षरं आणि रेघा फक्त काळ्या शाईत, चार रंगांच्या मिश्रणात नाही. मुखपृष्ठावर शीर्षकाची बारीक अक्षरं चौरंगी काळ्यात गेली तर रंग जरासे सरकले तरी अक्षरांना लाल-निळ्या कडा दिसतात. पीडीएफ एकेक पान क्रमाने द्या, पानांची जुळवणी प्रेसवाल्याला करू द्या. आणि शंभर छापण्याआधी एक पूर्ण, पिना मारलेली, कापलेली प्रत घ्या. नुसतं स्क्रीनवर बघून ‘ओके’ म्हणू नका. प्रत उन्हात नेऊन बघा, उघडून सपाट ठेवून बघा, कण्याजवळचा कुठला फुगा गिळला जातोय ते बघा.

पैशांचं गणित मांडताना प्रतीला ₹५५ धरू, तुमच्या प्रेसचा खरा आकडा त्यात घाला. कर धरून की वगळून तेही आधीच विचारा. छपाई ₹५,५००, प्रूफ प्रत ₹३००, कागद-पेनं-शाई ₹२,५००, मुखपृष्ठाचे रंग ₹१,५००, पाकिटं ₹४००, एखाद्या मेळाव्यात दोघांनी मिळून घेतलेल्या टेबलाचा वाटा ₹२,०००. एकूण ₹१२,२००. शंभरातल्या चार-पाच खराब निघतात, दहा-बारा भेट जातात, विकायला ८५ उरतात. किंमत ₹१०० ठेवली तर खर्च निघायला १२२ विकाव्या लागतील, तेवढ्या तुमच्याकडे नाहीतच. ₹१५० ठेवली तर ८२. त्यातल्या १० दुकानात ठेवल्या आणि दुकानदाराने ४० टक्के कमिशन घेतलं तर त्यांचे ₹९० प्रमाणे ₹९००, उरलेल्या ७५ थेट विकून ₹११,२५०. म्हणजे ८५ च्या ८५ विकूनही ₹५० अंगावर. हे आकडे घाबरवायला दिलेले नाहीत. दुसऱ्या शंभर प्रतींचा छपाईखर्च फक्त ₹५,५००, तो ३७ प्रतींत निघतो, आणि कमाई सुरू झाली तर तिथे होते. त्यामुळे पहिली शंभर संपल्याशिवाय दुसरी छापू नका, आणि उरलेले ₹३२,८०० बँकेतच राहू द्या.

मित्राला नफ्यातला वाटा देऊ नका, कारण वाटायला नफा नाही. मुखपृष्ठाच्या रंगांचे ठरलेले ₹१,५०० आधी द्या आणि एका कागदावर लिहून दोघांनी सह्या करा: काम कोणतं, हक्क कोणते, किती वर्षांसाठी, कोणत्या प्रदेशात, मोबदला किती. आपल्या कॉपीराइट कायद्यात हक्काचं हस्तांतरण लेखीच असावं लागतं. मुदत लिहिली नाही तर ती ५ वर्षं धरली जाते, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. मैत्री आहे म्हणूनच कागद करा. तुमच्या कथा-चित्रांचा कॉपीराइट ती तयार झाली की आपोआप तुमचा होतो, नोंदणी सक्तीची नाही. नोकरीच्या करारात बाहेरच्या कामाबद्दल काही कलम आहे का, तेवढं मात्र वाचा.

लोकांकडून आगाऊ पैसे गोळा करायचा विचार आलाच असेल. किकस्टार्टरवर भारतात राहून प्रकल्प टाकता येत नाही. ओळखीच्यांची यादी करून यूपीआयवर आगाऊ नोंदणी घेणं सोपं, पण पैसे शेवटची पीडीएफ तयार झाल्यावरच घ्या. अर्ध्या पुस्तकावर पैसे घेतले की रोज कुणीतरी विचारतं, आणि त्या दडपणाखाली काढलेली पानं ओळखू येतात.

विक्रीसाठी तुमच्यासारख्यांचे मेळावे बरे. मुंबईत ‘इंडी कॉमिक्स फेस्ट’ भरतो, तिथे स्वतः छापलेली पुस्तकंच असतात आणि शेजारच्या टेबलावरच्याला पिन बाइंडिंगचे प्रश्न विचारता येतात. मोठ्या कॉमिक कॉनमध्ये गर्दी भरपूर असते, पण ती मुख्यतः वेशभूषा आणि खेळण्यांसाठी येते. एका पुस्तकावर तिथलं टेबल परवडणार नाही, तीन झाली की बघा. दुकानात ठेवाल तेव्हा विक्रीनंतर पैसे असाच व्यवहार असतो, म्हणून सही-शिक्क्याचं चलन घ्या आणि दोन महिन्यांनी स्वतः चक्कर मारा, फोनवर कुणी प्रती मोजत नाही. पोस्टाने पाठवताना नुसतं पुस्तक ५० ग्रॅमच्या आत बसतं, पाकीट आणि पुठ्ठा धरून त्याच्या वर जातं, तरी पाकिटात पुठ्ठा घालाच. कोपरा मुडपलेली प्रत वाचक परत पाठवत नाही, पुढचं पुस्तक घेत नाही.

दिवाळी अंकांकडेही बघा. २० पानांतली चार पानं स्वतंत्र वाचता येतील अशी असतील तर मे-जूनमध्येच संपादकांना पाठवा, गणपतीनंतर पाठवून उपयोग नसतो. आधी त्यांच्या पानाचा आकार विचारा, नाहीतर ए-५ चं पान ताणून छापतात आणि तुमचा तांबट जाडजूड होतो. मेलमध्ये ‘एकदा छापण्यापुरती परवानगी’ एवढंच लिहा. मानधन बेताचं असतं, कधी नुसता अंकच हातात पडतो, पण तुमच्या शंभर प्रतींपेक्षा तो कितीतरी जास्त लोकांसमोर जातो.

कागदपत्रांचं थोडक्यात. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळखक्रमांक, फुकट मिळतो, राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडे ऑनलाइन अर्ज करायचा. वेळ लागतो, म्हणून शाईचं काम चालू असतानाच करा. छापील पुस्तकांवर जीएसटी शून्य आहे आणि फक्त करमुक्त माल विकणाऱ्याला नोंदणी लागत नाही, हे तुम्हाला आमच्यापेक्षा जास्त माहीत असेल. १९५४ च्या कायद्याप्रमाणे प्रकाशकाने प्रकाशनानंतर ३० दिवसांत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि मुंबई, चेन्नई, दिल्लीच्या ठरलेल्या ग्रंथालयांना एकेक प्रत स्वखर्चाने पाठवायची असते. त्या चार प्रती भेटीच्या दहा-बारांत आधीच धरा. पाचवी नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयात द्या. १८४० पासूनची संस्था आहे, आणि भांडी बाजारातली जुनी माणसं तिथे येतात. हातोडी चुकीच्या हातात काढली असेल तर तीच सांगतील.